एका दिवसाचं ऑपरेशन आणि फॉर्मवरचा एक रकाना

पत्र थोडक्यात असं आहे. पत्रलेखिका ५८ वर्षांच्या आहेत, पतीच्या निधनानंतर एकट्या राहतात. पित्ताशयात खडे आहेत. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ उठून पाठीपर्यंत जाते, असं आतापर्यंत तीनदा झालं. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ठरलंय. सर्जन म्हणाले, ‘सकाळी या, सगळं ठीक असेल तर संध्याकाळी घरी.’ हे ऐकून बाईंना हायसं वाटलं, कारण मग कोणाला कळवायलाच नको. मुलगी दुसऱ्या शहरात, नुकतीच नव्या नोकरीत रुजू झालेली. भाऊ-भावजय जवळच राहतात, पण बोलणं कामापुरतं. रुग्णालयाच्या फॉर्मवर ‘सोबतच्या प्रौढ व्यक्तीचं नाव व फोन’ असा रकाना आहे. तिथे शेजारणीचं नाव तिला न विचारता घालायचं आणि परत येताना टॅक्सी करायची, असा बेत आहे. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, गाडी लागण्याचा जुना त्रास आहे. त्या विचारतात, ‘ॲडमिटसुद्धा करत नाहीत म्हणजे किरकोळच असणार. एवढ्यासाठी मुलीला रजा काढायला लावणं मला पटत नाही. माझा बेत ठीक आहे ना?’

बेत ठीक नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. मुलीची घडी नुकती बसतेय, ती विस्कटू नये असं तुम्हाला वाटतं, त्यात मात्र काहीच गैर नाही. अडचण आहे ती ‘ॲडमिटसुद्धा करत नाहीत म्हणजे किरकोळच’ या वाक्यात. बाकीचा सगळा बेत त्याच्यावर उभा आहे, म्हणून आधी तेवढंच तपासू.

त्या सकाळी काय होणार आहे ते बघा. तुम्हाला पूर्ण भूल दिली जाईल, श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने श्वास चालवला जाईल. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतील. साधारण चार छेद घेतले जातात, बेंबीपाशी एक सेंटिमीटरच्या आसपास, बाकीचे बहुधा अर्धा-अर्धा सेंटिमीटर. पित्ताशयाची नळी आणि त्याची रक्तवाहिनी क्लिप लावून बंद करायची, कापायची, पित्ताशय यकृतापासून सोडवायचं आणि बेंबीच्या छेदातून बाहेर काढायचं. तुम्ही रुग्णालयात चार दिवस राहिलात तरी हेच, आणि चार तासांत निघालात तरी हेच. छेद लहान झाले, भुलेची औषधं लवकर उतरणारी आली, उलट्या आणि दुखणं आवरण्याचे उपाय सुधारले, म्हणून तुम्हाला घरी सोडता येतं. पण पहिल्या रात्री वॉर्डातली नर्स जे काम करायची ते काम शिल्लकच आहे. ते आता तुमच्या घरात व्हायचंय.

ही पद्धत काही आजकालची नाही. ग्लासगोचे सर्जन जेम्स निकोल यांनी १९०९ मध्ये मुलांच्या ८,९८८ शस्त्रक्रियांचा अहवाल मांडला होता, त्या सगळ्या मुलांना रात्री न ठेवता. जवळजवळ निम्मी मुलं तीन वर्षांच्या आतली. आईच्या कुशीत मूल रुग्णालयातल्या खाटेपेक्षा शांत राहतं, असा त्यांचा अनुभव होता. मात्र घरची परिस्थिती नीट हवी, यावर त्यांचा तितकाच भर होता, आणि घरी गेलेल्या मुलांकडे रुग्णालयाच्या परिचारिका लक्ष ठेवत. थोडक्यात, सुरुवातीपासूनच ‘घरी सोडणं’ म्हणजे ‘कोणाच्या तरी हाती सोपवणं’ असाच अर्थ होता. तुमच्या फॉर्मवरचा तो रकाना त्यासाठीच आहे.

आता शेजारणीचं नाव. बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी त्या नंबरवर फोन जातो. शेजारीण गोंधळली, तर उपाशीपोटी तयार होऊन गेलेल्या तुम्हाला ऑपरेशन न करताच परत पाठवतील. किंवा ऑपरेशन होईल आणि संध्याकाळी न्यायला कोणी नाही म्हणून ऐनवेळी खाट शोधावी लागेल. डे केअरचे, म्हणजे त्याच दिवशी घरी जायचे असलेले, रुग्ण आयत्या वेळी रात्री अडकतात त्याची कारणं ठरलेली आहेत: न थांबणारी उलटी, न आवरणारं दुखणं, रक्तस्राव, लघवी न होणं, यादीत उशिरा लागलेला नंबर, आणि सोबत कोणी नसणं. यातलं शेवटचं तुमच्या हातात आहे. आणि समजा, खोटं नाव खपून गेलं. मग रात्री काही झालं, तर रुग्णालयाकडे जो नंबर असेल त्याच्या पलीकडच्या माणसाला तुमचं ऑपरेशन झालंय हेच ठाऊक नसेल.

पूर्ण भुलेनंतर पहिले २४ तास एक जबाबदार प्रौढ माणूस घरात हवा, असं जवळपास सगळीकडे सांगतात. यामागची कारणं क्वचितच कोणी फोड करून सांगतं. तुम्ही शुद्धीवर असता, बोलता, हसता, पण विचारांची धार परत आलेली नसते आणि ती आलेली नाही हे तुमचं तुम्हाला कळत नाही. म्हणून या २४ तासांत गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही, दारू घ्यायची नाही, एकटीने गॅसपाशी उभं राहायचं नाही. दुसरं, डिस्चार्जच्या वेळी नर्स सूचना सांगते तेव्हा तुम्ही ‘हो, हो’ म्हणता, आणि घरी पोचेपर्यंत निम्मं पुसलं गेलेलं असतं. भुलेच्या आधी धीर यावा म्हणून दिलेल्या औषधांनी नव्या आठवणी नीट बसत नाहीत. हे ऐकायला दुसरे कान लागतात. तिसरं, रात्री पहिल्यांदा उठताना चक्कर येऊन पडणं. टॅक्सीवाला तुम्हाला दारापर्यंत आणेल, बाथरूमपर्यंत नाही.

मग पर्याय काय? मुलीला सगळं सोडून ये म्हणायचं किंवा एकटीनेच निभवायचं, एवढे दोनच रस्ते तुम्ही धरलेत. मधे बरीच जागा आहे. मुलीकडून लागतात एक रात्र आणि पुढचा दिवस. ऑपरेशन शुक्रवारी घेता येईल का, हे सर्जनना विचारा, म्हणजे तिला एकच रजा पडेल. (शुक्रवार घेतलात तर शनिवार-रविवारी फोन कोण उचलतं तेही विचारून ठेवा.) तिला सांगताना ‘काही विशेष नाही गं’ अशी सुरुवात करू नका. ‘अमुक तारखेला ऑपरेशन आहे, संध्याकाळी मला घ्यायला आणि ती रात्र घरी झोपायला कोणीतरी हवं. तुला जमेल का? नसेल तर मी दुसरी सोय करते,’ असं थेट विचारा. नेमकं मागितलं की समोरच्याला नेमकं उत्तर देता येतं. आणि एक विचारू का? तिच्या पोटाचं ऑपरेशन होतं आणि तिने ते तुमच्यापासून लपवलं असतं, तर तुम्हाला काय वाटलं असतं?

मुलीला खरंच जमत नसेल, तर शेजारीण आणि भावजय मिळून काम भागू शकतं. एकीने संध्याकाळी घरी आणायचं आणि सूचना ऐकायच्या, दुसरीने रात्री झोपायला यायचं. त्यासाठी भावजयीशी मनं जुळलेली असायला हवीत असं नाही. रात्रभर हाकेच्या अंतरावर असली की पुरे. फक्त पहिलीने दुसरीच्या हाती कागद आणि औषधं देऊन मगच निघायचं. पैसे देऊन एका दिवसासाठी मदतनीस किंवा नर्स ठेवता येते. तशी ठेवलीत तर तिला थेट रात्री घरी न बोलावता डिस्चार्जच्या आधी रुग्णालयात बोलवा.

आणि यातलं काहीच जमलं नाही, तर सर्जनना आत्ताच सांगा की रात्री घरी कोणी नाही, एक रात्र ठेवून घ्या. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर एक रात्र राहणारे रुग्ण भरपूर असतात, त्यात कमीपणा नाही. आधी ठरवलेली रात्र सोपी जाते. संध्याकाळी सहाला उगवलेली रात्र सगळ्यांनाच जड जाते. विमा असेल तर डे केअर आणि मुक्काम यांच्या अटी वेगळ्या असू शकतात, तेही कंपनीला आधी विचारून घ्या. ‘सध्या राहू दे, पुढे बघू’ हा पर्याय मात्र मला सर्वांत कमी पसंत आहे. तीनदा कळ येऊन गेलेला खडा गप्प राहील याचा भरवसा नसतो. पित्ताशयाला सूज आली किंवा खडा नळीत उतरून स्वादुपिंड दुखावलं, तर मग तातडीने दाखल व्हावं लागतं, तेही कित्येक दिवसांसाठी, आणि तेव्हा मुलीला रजेचं नियोजन करायलाही वेळ मिळत नाही.

रात्र घरीच काढायचं ठरलं, तर तयारी भूलतज्ज्ञाच्या भेटीपासून सुरू होते. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नावं पाठ असली तरी. मधुमेहाच्या ज्या औषधांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं, ती साधारण तीन दिवस आधी थांबवतात (एखादं चार दिवस). उपाशीपोटी त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साचू शकतं, आणि तेव्हा साखर फारशी वाढलेली नसली तरी ते होतं, म्हणून पटकन ध्यानात येत नाही. बाकीच्या गोळ्या त्या सकाळी घ्यायच्या की नाही, हे प्रत्येकीचं वेगळं विचारा. आठवड्याला एकदा घ्यायचं मधुमेहाचं किंवा वजनाचं इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा, कारण त्याने पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या त्या दिवशी वगळतात, काही मुळीच चुकवायच्या नसतात. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आपल्या मनाने बंद करू नका आणि चालूही ठेवू नका. किमान आठवडाभर आधी विचारा. मधुमेह आहे म्हणून यादीत पहिला नंबर मागा. उपास लांबत नाही, आणि संध्याकाळपर्यंत सावरायला पुरेसे तास मिळतात.

गाडी लागण्याचा त्रास तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, पण भूलतज्ज्ञासाठी ती मोठी खूण आहे. स्त्री असणं, धूम्रपान न करणं, गाडी लागण्याचा किंवा आधीच्या भुलेनंतर उलट्यांचा इतिहास, आणि ऑपरेशननंतर अफूवर्गातली वेदनाशामकं लागणं, या चार गोष्टींवरून उलटीचा धोका जोखतात. चारही असल्या तर दहांपैकी आठ जणांना मळमळ किंवा उलटी होते, एकही नसेल तर एकाला. तुमच्याकडे बहुधा तीन तरी आहेत. आधी सांगितलंत तर भुलेची पद्धत बदलता येते आणि एकाऐवजी दोन औषधं देता येतात. त्यातलं डेक्सामेथासोन दिलं तर त्या दिवशी साखर वाढलेली दिसेल. ते कळलेलं असलं की रात्री आकडा बघून घाबरायला होत नाही.

उपासाबद्दल जेवढे गैरसमज आहेत तेवढे दुसऱ्या कशाबद्दल नसतील. नेहमीचा हिशेब असा: हलकं खाणं भुलेच्या सहा तास आधीपर्यंत, तेलकट-जड जेवण आठ तास, आणि साधं पाणी किंवा दूध न घातलेला चहा दोन तास आधीपर्यंत. दूध पोटात गेलं की घट्ट होतं, म्हणून ते खाण्यात धरायचं. ‘घोटभर दुधाचा चहा’ घेतल्यामुळे कित्येकांची ऑपरेशनं पुढे ढकलली जातात. भुलेत घशाची राखण सैल पडते आणि पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. उलट ‘रात्रीपासून थेंबभर पाणीही नको’ असा कडक उपास केला तर डोकं दुखतं, शीर सापडत नाही, मळमळ वाढते. मधुमेह जुना असेल तर पोट संथ असू शकतं, तेव्हा तुमच्यासाठी जी वेळ सांगितली असेल तीच धरा. साखर उतरल्यासारखी वाटली तर काय घ्यायचं, हेही आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

सकाळी दागिने, नेलपॉलिश, कवळी, कॉन्टॅक्ट लेन्स हे सगळं उतरवून जा. कंबरेला इलॅस्टिक नसलेले सैल कपडे घाला, कारण मधला छेद नेमका तिथेच असतो.

ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा तास देखरेख असते. घरी सोडायचं का, हे डॉक्टर तुमच्या चेहऱ्याकडे बघून ठरवत नाहीत. रक्तदाब-नाडी, चालता येणं, मळमळ, दुखणं आणि रक्तस्राव यांना प्रत्येकी शून्य ते दोन असे गुण देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. दहापैकी नऊ झाले की सोडतात. तेव्हा ‘मी ठीक आहे’ म्हणून गुण वाढवू नका. दुखत असेल तर दुखतंय म्हणा.

सोबत जी कोणी असेल तिने निघताना चार गोष्टी कागदावर लिहून घ्यायच्या: शेवटची वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन किती वाजता दिलं, पुढची कधी, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या केव्हा सुरू करायच्या, आणि रात्री दोन वाजता कोणत्या नंबरवर फोन लागेल. शेवटचा नंबर तिथेच उभं राहून लावून बघायचा.

पहिल्या संध्याकाळची फसगत अशी: छेदांच्या कडेला जागा बधिर करणारं औषध टोचलेलं असतं, ते काही तास टिकतं. घरी आल्यावर वाटतं, काहीच दुखत नाही, गोळी कशाला? मग रात्री अकरा-बाराला औषध उतरतं आणि दुखणं एकदम अंगावर येतं. एकदा चढलेलं दुखणं गोळीने उतरवायला वेळ लागतो. म्हणून पहिले दोन दिवस गोळी दुखण्याची वाट न बघता घड्याळाप्रमाणे. पॅरासिटामॉल प्रौढांना दिवसभरात जास्तीत जास्त ४ ग्रॅम, वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहून कमी. तुमच्यासाठी किती ते कागदावर लिहिलेलं असेल. सर्दीच्या किंवा अंगदुखीच्या मिश्र गोळ्यांतही बहुधा तेच असतं, म्हणून घरातलं दुसरं काही मधे घेऊ नका. मधुमेह-रक्तदाब असताना सूज उतरवणाऱ्या इतर वेदनाशामकांचा मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. त्या सांगितल्या असतील तरच घ्या.

खांदा दुखेल, बहुधा उजवा. पोटातल्या उरलेल्या वायूने पडद्यासारख्या स्नायूला, म्हणजे श्वासपटलाला, चुरचुर होते, आणि त्याची नस मानेतूनच येत असल्याने मेंदूला ते खांद्याचं दुखणं वाटतं. एक-दोन दिवसांत जातं, घरातल्या घरात चालण्याने लवकर जातं. पण छातीत दाब, घाम, धाप लागणं हे खांद्याच्या खात्यात टाकायचं नाही.

रात्री उठण्याचीही रीत आहे. उताणं असताना थेट उठून बसू नका, पोटाच्या स्नायूंवर सगळा भार येतो. आधी कुशीवर वळा, गुडघे दुमडा, पाय खाटेखाली सोडा आणि हाताच्या कोपरावर जोर देऊन उठा. बसल्यावर पाय सोडून दोन मिनिटं तसंच थांबा, घोटे वर-खाली हलवा. मग सोबतच्या व्यक्तीला हाक मारून उभं राहा. बाथरूमची कडी लावायची नाही. खोकला आला तर लहान उशी पोटाशी घट्ट धरायची. हे आदल्या दिवशी दोनदा करून बघा, कारण रात्री दोन वाजता नवं काही शिकता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून दुखणं हळूहळू कमीच व्हायला हवं. एवढी एक दिशा लक्षात ठेवली तरी बरंच निभावतं. कमी होता होता पुन्हा वाढू लागलं, पोट फुगलं, ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप आला, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, उलट्या थांबेनात, ड्रेसिंग रक्ताने भिजलं, सहा-आठ तास लघवी झाली नाही, एका पोटरीला सूज आली, धाप लागली, तर सकाळची वाट बघू नका. पित्त झिरपण्याचा त्रास दोन-चार दिवसांनी, कधी आठवड्यानेही डोकं वर काढतो. म्हणून सोबतीची माणसं घरी गेल्यावरही आठवडाभर रोज एक फोन ठरवून ठेवा. मुलीसाठी हे काम उत्तम आहे, तिला त्यासाठी रजा लागणार नाही.

एक शक्यता भूल देण्याआधीच मुलीच्या किंवा सोबतीच्या कानावर घाला: दुर्बिणीतून नीट दिसलं नाही, तर सर्जनना पोट उघडून ऑपरेशन पूर्ण करावं लागतं. असं क्वचित होतं, पण झालं तर काही दिवसांचा मुक्काम ठरलेला. संमतिपत्रावर ते लिहिलेलं असतं. म्हणून घरी परतायचं असलं तरी एका रात्रीचे कपडे, गोळ्या, चष्मा, फोनचा चार्जर पिशवीत असू द्या.

पहिल्या २४ तासांनंतर भुलेपुरती मोकळीक मिळते, पण गाडी मात्र ब्रेक जोरात दाबताना पोटात कळ येईनाशी झाली की मगच. त्याला साधारण आठवडा लागतो. जड पिशव्या किती दिवस उचलायच्या नाहीत हे सर्जनना विचारा.

आणि शेवटची गोष्ट, जी डे केअरच्या रुग्णांकडून हमखास राहून जाते. काढलेलं पित्ताशय तपासणीला पाठवलेलं असतं. त्याचा अहवाल तुम्ही घरी गेल्यानंतर काही दिवसांनी येतो. वॉर्डात राहणाऱ्याला कोणीतरी आठवण करतं, तुम्हाला करणारं कोणी नसेल. निघताना विचारून घ्या, अहवाल कधी आणि कुठे मिळेल, आणि टाके दाखवायला जाल तेव्हा तो हातात घेऊनच सर्जनसमोर बसा.